ड्युअल बूट करताना बूटलोडर नेमका कुठे टाकायचा

लिनक्स इन्स्टॉल होतं, रिस्टार्ट करा म्हणून मेसेज येतो, पेनड्राइव्ह काढला की समोर थेट विंडोज. नाहीतर त्याहून वाईट, काळ्या स्क्रीनवर नुसतं "ग्रब रेस्क्यू". दोन्ही वेळा लोक समजतात इन्स्टॉल फसलं, परत सगळं फॉरमॅट मारतात, परत तेच बटण दाबतात आणि परत तेच होतं, कारण लिनक्स नीटच बसलेलं असतं, चुकलेली असते ती फक्त बूटलोडरची जागा, म्हणजे मशीन चालू होताना विंडोज किंवा लिनक्स उघडून देणाऱ्या छोट्या प्रोग्रामची; लिनक्सच्या बूटलोडरचं नाव ग्रब. आणि ती जागा इन्स्टॉलरच्या स्क्रीनवर पोचल्यावर ठरवायची गोष्टच नाहीये, ती पेनड्राइव्ह बनवायच्या आधी ठरलेली पाहिजे.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे ज्यांचं मशीन ११ घेत नाही ते शेजारी लिनक्स टाकून बघतायत, म्हणून इथं विंडोज आधीपासून आहे आणि त्याच्याबरोबर उबुंटू किंवा लिनक्स मिंट टाकायचंय असं धरलंय. कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्यात, टाइप करताना इंग्रजी स्मॉल लेटर्समध्ये करायच्या, कुठे कॅपिटल लागत असेल तर तिथे सांगतो.

## १. मशीन कुठल्या मोडमध्ये आहे ते आधी बघा

विंडोजमध्ये विंडोज की आणि आर दाबा, "एमएसइन्फो३२" टाइप करून एंटर. जी खिडकी उघडेल तिच्यात "बायोस मोड" अशी ओळ असते, समोर यूईएफआय (मशीन सुरू करायची नवी पद्धत) लिहिलेलं असेल नाहीतर लेगसी (जुनी पद्धत). पुढचं सगळं या एका शब्दावर आहे.

लेगसीमध्ये मशीन चालू झालं की बायोस, म्हणजे मदरबोर्डमधला सुरुवातीचा प्रोग्राम, डिस्कचा पहिला सेक्टर वाचतो, ५१२ बाइटचा, त्यालाच एमबीआर म्हणतात. त्यातले ४४६ बाइट बूट कोडला मिळतात, उरलेल्यात पार्टिशन टेबल. म्हणजे तिथं एका डिस्कवर एकच बूटलोडर बसतो, नवीन टाकला की जुना गेला. यूईएफआयमध्ये असं काही नसतं. तिथं फर्मवेअर, म्हणजे बायोसच्या जागी आलेला प्रोग्राम, एक छोटं फॅट३२ पार्टिशन उघडतं, ईएफआय सिस्टीम पार्टिशन, आपण ईएसपी म्हणू, आणि त्यातली एक फाइल चालवतं. विंडोजचं फोल्डर वेगळं, उबुंटूचं वेगळं, एका वाड्यात दोन बिऱ्हाडं आणि चूल आपापली. कुठली फाइल आधी चालवायची याची यादी मदरबोर्डच्या मेमरीत असते, डिस्कवर नाही.

आता गोंधळ कुठे होतो, तर जुन्या पद्धतीचे सल्ले वाचून. "एमबीआरवर टाकू नको, रूट पार्टिशनवर टाक" (रूट म्हणजे लिनक्स बसतं ते पार्टिशन) हे वाक्य लेगसीच्या काळातलं आहे, यूईएफआय मशीनवर त्याला काही अर्थ नाही, तिथं प्रश्न एवढाच की कुठल्या डिस्कवरच्या ईएसपीमध्ये.

डिस्क मॅनेजमेंट पण उघडून बघा. डिस्कच्या नावावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, व्हॉल्यूम्स टॅब, तिथं पार्टिशन स्टाइल जीपीटी (पार्टिशन मांडायची नवी पद्धत) आहे की एमबीआर (जुनी) ते दिसतं. विंडोज यूईएफआयवर असेल तर त्याची डिस्क जीपीटीच असणार.

तपासा: कागदावर तीन गोष्टी लिहून घ्या. मोड, डिस्क किती, आणि प्रत्येक डिस्कचं मॉडेल आणि साइज. मोबाइलवर फोटो काढला तरी चालेल पण तो याच लॅपटॉपमध्ये ठेवू नका.

## २. विंडोजच्या बाजूची तयारी, याच क्रमानं

पहिलं बॅकअप. एक्स्टर्नल डिस्कवर, आणि ती नंतर काढून ठेवायची, नाहीतर इन्स्टॉलरमध्ये तीही दिसते आणि तिच्यावरच कुणीतरी पार्टिशन करतं.

दुसरं बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणारं विंडोजचं एन्क्रिप्शन. होम एडिशन आहे म्हणजे बिटलॉकर नाही असं समजू नका, तिथं तेच "डिव्हाइस एन्क्रिप्शन" या नावानं असतं आणि नवीन लॅपटॉपवर बरेचदा आपोआप चालू झालेलं असतं. बूटची साखळी बदलली की विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सापडते, आत्ताच काढून कागदावर उतरवा. की हातात नसेल तर इथंच थांबा, पुढे जाऊ नका.

तिसरं फास्ट स्टार्टअप बंद. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिन म्हणून उघडा आणि "पॉवरसीएफजी स्लॅश एच ऑफ" द्या. हे चालू असताना विंडोज शटडाउन केलं तरी अर्धवट झोपलेलं असतं आणि लिनक्समधून त्याच्या ड्राइव्हला हात लावला की फाइल सिस्टीम बिघडायचा धोका.

चौथं, एकच डिस्क असेल तर जागा मोकळी करा, आणि ती विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून "श्रिंक व्हॉल्यूम" करून. मोकळी जागा अनअलोकेटेड राहू द्या, तिच्यावर नवीन ड्राइव्ह बनवून फॉरमॅट करायची हौस नको.

पाचवी गोष्ट सगळ्यांना लागत नाही. काही इंटेल लॅपटॉपमध्ये स्टोरेज एएचसीआय या साध्या मोडऐवजी आरएसटी किंवा रेड मोडवर असतं आणि लिनक्सच्या इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही. लाइव्ह पेनड्राइव्हवरून, म्हणजे इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरच चालवलेल्या लिनक्समधून, डिस्क दिसत असेल तर या सेटिंगला हात लावू नका. दिसत नसेल तर बायोसमध्ये जाऊन डायरेक्ट एएचसीआय केलंत की विंडोज निळ्या स्क्रीनवर आपटतं, "इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस". त्याऐवजी आधी "एमएसकॉन्फिग" मध्ये बूट टॅबवर सेफ बूटला टिक, रिस्टार्ट करून बायोसमध्ये एएचसीआय, विंडोज एकदा सेफ मोडमध्ये उघडू द्या, मग ती टिक काढा. अकाउंटचा खरा पासवर्ड माहीत असू दे, सेफ मोडमध्ये पिन चालेलच असं नाही.

## ३. आता जागा ठरवा

यूईएफआय, एकच डिस्क. विंडोजचा जो ईएसपी आहे तोच वापरा. नवीन बनवू नका, फॉरमॅट तर अजिबात करू नका. विंडोज स्वतः बनवतं तेव्हा तो साधारण १०० एमबीचा असतो, काही कंपन्या २६० एमबी देतात, आणि ग्रबला जेमतेम काही एमबी लागतात, म्हणून साइज बघून घाबरायचं कारण नाही. फक्त पॉप ओएससारखी डिस्ट्रो (लिनक्सचा प्रकार) असेल, जिथं ग्रबऐवजी सिस्टमडी-बूट असतं आणि कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभासुद्धा ईएसपीतच जातो, तिथं १०० एमबी पुरणारच नाही.

यूईएफआय, दोन डिस्क. लिनक्सच्या डिस्कवर वेगळा ईएसपी, माझं यावर ठाम मत आहे. विंडोजच्या ईएसपीत टाकलं तरी चालतं, पण उद्या विंडोजची डिस्क बदलली, विकली किंवा खराब झाली की लिनक्सची डिस्क ठणठणीत असून ते उठणार नाही, कारण त्याचा बूटलोडर दुसरीकडे होता. एक जीबी ठेवा, ५०० एमबीसुद्धा चालेल.

लेगसी, एकच डिस्क. ग्रब त्या डिस्कच्या एमबीआरवर, म्हणजे एसडीए (लिनक्समध्ये पूर्ण डिस्कचं नाव), एसडीए५ (तिच्यावरचं एक पार्टिशन) नाही. विंडोजचा बूट कोड जातो पण ग्रबच्या मेन्यूतून विंडोज उघडतं. एसडीए५ सारख्या पार्टिशनवर टाकायला गेलात तर ग्रब ब्लॉकलिस्टबद्दल कुरकुर करतो आणि ती कुरकुर खरी आहे, तिथं त्याला फाइलची जागा ब्लॉकच्या नंबरावर लक्षात ठेवावी लागते, फाइल हलली की बूट बंद.

लेगसी, दोन डिस्क. लिनक्सच्या डिस्कच्या एमबीआरवर, आणि बायोसमध्ये ती डिस्क पहिली. विंडोजच्या डिस्कला स्पर्शही नको. लिनक्सची डिस्क जीपीटी असेल तर एक एमबीचं "बायोस बूट" पार्टिशन बनवावं लागतं, बिनाफॉरमॅटचं, नाहीतर ग्रबला बसायला जागाच नसते.

एक्स्टर्नल यूएसबी डिस्क. तिच्यावर तिचा स्वतःचा ईएसपी. ती दुसऱ्या मशीनलाही लावायची असेल तर बूटच्या यादीतली नोंद डिस्कबरोबर जात नाही, कारण ती पहिल्या मशीनच्या मदरबोर्डवर राहिली. म्हणून ग्रब-इन्स्टॉलला "डॅश डॅश रिमूव्हेबल" द्यायचं, मग फाइल ईएफआय, त्यात बूट, त्यात बूटएक्स६४ अशा ठरलेल्या जागी जाते आणि कुठलंही ६४ बिट यूईएफआय मशीन ती शोधतं.

सावधान: विंडोज लेगसीमध्ये आणि लिनक्स यूईएफआयमध्ये अशी खिचडी करू नका. एका मोडचा ग्रब दुसऱ्या मोडचं विंडोज उघडू शकत नाही, मग दर वेळी बूट मेन्यूची की दाबत बसा.

## ४. पेनड्राइव्ह त्याच मोडमध्ये बूट करा

इन्स्टॉलर ज्या मोडमध्ये उठतो त्याच मोडचा बूटलोडर टाकतो. तो तुम्हाला विचारत नाही, बहुतेकदा सांगतही नाही.

रुफसमध्ये (पेनड्राइव्ह बनवायचा विंडोजवरचा प्रोग्राम) पेनड्राइव्ह बनवताना यूईएफआयसाठी पार्टिशन स्कीम जीपीटी ठेवा. मग बूट मेन्यू उघडा. डेल आणि लेनोवोला एफ१२, एचपीला एफ९, एमएसआयला एफ११, आसुसच्या डेस्कटॉप बोर्डला एफ८ आणि लॅपटॉपला एस्केप, एसरला एफ१२ पण तो आधी बायोसमध्ये एनेबल करावा लागू शकतो. मेन्यूत एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसू शकतो, एकदा नुसतं नाव आणि एकदा पुढे "यूईएफआय" लिहिलेलं. घाईघाईत पहिला निवडला जातो आणि इथंच गाडी घसरते.

तपासा: "ट्राय" करून लाइव्ह डेस्कटॉपवर या, टर्मिनल उघडा, "एलएस स्लॅश सिस स्लॅश फर्मवेअर" द्या. यादीत "ईएफआय" असेल तर यूईएफआय, नसेल तर लेगसी. कागदावरच्या मोडशी जुळत नसेल तर इन्स्टॉल सुरू करायचं नाही, रिस्टार्ट करून दुसरी एंट्री निवडायची.

त्याच टर्मिनलमध्ये "एलएसबीएलके" पण द्या. समजा मशीनमध्ये ५१२ जीबीची एनव्हीएमई आहे आणि नंतर लावलेली २४० जीबीची साटा एसएसडी, तर असं काहीसं दिसेल:

एनव्हीएमई०एन१ — ४७६.९ जी
एसडीए — २२३.६ जी
एसडीबी — २८.९ जी

आकडे बॉक्सवरच्यापेक्षा कमी दिसतात कारण इथं हिशोब १०२४ नं होतो. शेवटचा २८.९ वाला तुमचा ३२ जीबीचा पेनड्राइव्ह आहे. पण पुढच्या बूटला पेनड्राइव्ह एसडीए आणि एसएसडी एसडीबी झालेली असू शकते, ही नावं कायमची नसतात. म्हणून नावावर जायचं नाही, साइजवर जायचं. बूटलोडर पेनड्राइव्हवरच टाकला गेला आणि आता पेनड्राइव्ह लावल्याशिवाय लिनक्स उठत नाही, ही तक्रार इतकी कॉमन आहे की काय सांगू.

## ५. इन्स्टॉलरमधली ती स्क्रीन

"इन्स्टॉल अलाँगसाइड विंडोज" एका डिस्कवर ठीक चालतं. दोन डिस्क असतील तर "समथिंग एल्स" किंवा मॅन्युअल पार्टिशनिंगच घ्या.

वरच्या उदाहरणात २२३.६ वाल्या डिस्कवर आधी एक जीबीचं पार्टिशन, प्रकार ईएफआय सिस्टीम पार्टिशन. मग उरलेल्या जागेत एक्सटी४ (लिनक्सचं फॉरमॅट), माउंट पॉइंट, म्हणजे लिनक्समध्ये ते पार्टिशन जिथं जोडलं जातं ती जागा, नुसता स्लॅश. स्लॅश बूटसाठी वेगळं पार्टिशन साध्या इन्स्टॉलला लागत नाही. एकाच डिस्कवाल्यांनी विंडोजचा जुना ईएसपी निवडून त्याला ईएफआय सिस्टीम पार्टिशन म्हणून वापरायला सांगायचं, फॉरमॅटच्या चौकोनात टिक नसल्याची खात्री करून.

आता खाली एक ड्रॉपडाउन असतो, "डिव्हाइस फॉर बूट लोडर इन्स्टॉलेशन". लेगसीमध्ये हा जे सांगाल तसं वागतो, तिथं पूर्ण डिस्क निवडा, विषय संपला. यूईएफआयमध्ये मात्र उबुंटूच्या जुन्या इन्स्टॉलरची, युबिक्विटीची, एक नावाजलेली खोड आहे: तुम्ही इथं दुसरी डिस्क निवडली तरी तो सापडलेल्या पहिल्या ईएसपीतच ग्रब टाकतो, आणि पहिला म्हणजे बहुधा विंडोजचा. मिंटच्या २२ मध्येसुद्धा हाच इन्स्टॉलर आहे. म्हणजे तुम्ही सगळं बरोबर केलं तरी चुकीच्या जागी जातं.

यावर दोन उपाय. डेस्कटॉप असेल तर कॅबिनेट उघडून विंडोजच्या डिस्कची केबल काढा, नाहीतर बायोसमधून तो पोर्ट बंद करा, इन्स्टॉल झालं की परत जोडा. याच्याइतका बिनधोक मार्ग दुसरा नाही. लॅपटॉप उघडायची इच्छा नसेल तर लाइव्ह डेस्कटॉपवर जीपार्टेड हे पार्टिशन बदलायचं अ‍ॅप उघडा, विंडोजच्या ईएसपीवर राइट क्लिक, मॅनेज फ्लॅग्स, आणि "बूट" आणि "ईएसपी" च्या टिक काढा. इन्स्टॉलरला आता तो ईएसपी वाटतच नाही, तो मुकाट लिनक्सच्या डिस्कवरचा घेतो.

सावधान: इन्स्टॉल संपल्यावर, रिस्टार्टच्या आधी, त्या टिक परत लावायच्या. विसरलात तर विंडोज उघडणार नाही असंच धरून चाला. पार्टिशनचा नंबर कागदावर लिहा.

उबुंटूच्या नव्या इन्स्टॉलरमध्ये मॅन्युअलला बूटलोडरची डिस्क निवडली की "स्लॅश बूट स्लॅश ईएफआय" कुठल्या डिस्कवर होतंय ते यादीत दिसतं. ती ओळ वाचा, मगच पुढे.

आणि हो, डेस्कटॉपला यूपीएस नसेल आणि तुमच्याकडे लाइटचा भरवसा नसेल तर इन्स्टॉल लाइट जायच्या वेळेला लावू नका. पार्टिशन टेबल लिहिताना लाइट गेली तर इतका वेळ केलेली तयारी कुणी विचारणार नाही.

## ६. रिस्टार्टच्या आधी दोन मिनिटं

इन्स्टॉल संपल्यावर "कंटिन्यू टेस्टिंग" निवडा. "डिस्क्स" अ‍ॅपमधून लिनक्सच्या डिस्कचा ईएसपी माउंट करून उघडा, आत ईएफआय फोल्डर, त्यात "उबुंटू". आहे? झालं. नसेल तर तो विंडोजच्या ईएसपीत गेलाय, तिकडे "मायक्रोसॉफ्ट" च्या शेजारी दिसेल.

मिंटवाल्यांनी गोंधळू नका, मिंटचं फोल्डरही "उबुंटू" याच नावानं असतं आणि बूट मेन्यूतही तेच नाव येतं. म्हणूनच उबुंटू आणि मिंट दोन्ही एकाच ईएसपीत टाकले की नंतरचा आधीच्यावर लिहितो.

## ७. बूट ऑर्डर

बायोसमध्ये जाऊन "उबुंटू" पहिला, "विंडोज बूट मॅनेजर" दुसरा. काही बोर्डवर डिस्कची प्रायॉरिटी वेगळ्या पानावर असते, तिथंही बघा. एसरच्या बऱ्याच लॅपटॉपवर आधी सुपरवायजर पासवर्ड सेट करून मग ती ईएफआय फाइल "ट्रस्टेड" म्हणून निवडावी लागते, त्याशिवाय यादीत येत नाही. डिस्क काढून लावलीत तर काही मदरबोर्ड तिची नोंद विसरतात, तेव्हा ऑर्डर परत बघायची.

ग्रब आला पण मेन्यूत विंडोज नाही? ग्रब २.०६ पासून, म्हणजे २०२१ पासून, दुसऱ्या ओएस शोधणारा ओएस-प्रोबर डिफॉल्ट बंद असतो, तुमच्या डिस्ट्रोनं तो चालू केलेला असेल किंवा नसेल. स्लॅश ईटीसी स्लॅश डिफॉल्ट स्लॅश ग्रब या फाइलमध्ये "ग्रब अंडरस्कोर डिसेबल अंडरस्कोर ओएस अंडरस्कोर प्रोबर" ही ओळ, बरोबरच्या चिन्हाआधी सगळं कॅपिटल आणि नंतर स्मॉलमध्ये फॉल्स, मग "सुडो अपडेट-ग्रब". केबल काढून इन्स्टॉल केलेल्यांनी अपडेट-ग्रब एकदा चालवायचंच, कारण तेव्हा विंडोज जागेवर नव्हतं.

विंडोजची बूट फाइल रिनेम करून तिच्या जागी ग्रबची ठेवा, असा एक जुगाड फिरतो. करू नका, विंडोजचं अपडेट ती फाइल परत लिहितं.

विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे दिसायला लागलं तर त्याचा बूटलोडरशी संबंध नाही, लिनक्स हार्डवेअरचं घड्याळ यूटीसीवर ठेवतं एवढंच. "टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १" नं सुटतं.

## ८. चुकीच्या ईएसपीत गेलंच असेल तर

फॉरमॅट नको. बूट मेन्यूतून "उबुंटू" निवडा, लिनक्स उघडत असेल तर आतूनच जागा बदलता येते, आणि क्रम असा:

१. "सुडो यूमाउंट स्लॅश बूट स्लॅश ईएफआय".
२. स्लॅश ईटीसी स्लॅश एफएसटॅब फाइलमध्ये (कुठलं पार्टिशन कुठे माउंट होतं त्याची यादी) स्लॅश बूट स्लॅश ईएफआयच्या ओळीतला यूयूआयडी, म्हणजे पार्टिशनचा ओळख नंबर, काढून लिनक्सच्या डिस्कवरच्या ईएसपीचा टाका, तो "सुडो बीएलकेआयडी" देतो.
३. "सुडो सिस्टमसीटीएल डीमन-रिलोड", मग "सुडो माउंट स्लॅश बूट स्लॅश ईएफआय", आणि एलएसबीएलके बघून योग्य डिस्क माउंट झाल्याची खात्री.
४. "सुडो ग्रब-इन्स्टॉल", मग "सुडो अपडेट-ग्रब".
५. रिस्टार्ट करून दोन्ही ओएस उघडून बघा. त्यानंतरच विंडोजच्या ईएसपीतलं उबुंटू फोल्डर उडवायचं, आधी नाही.

दुसरी पायरी गाळणारे बरेच. मग त्या वेळेपुरतं सगळं चालतं आणि पुढच्या बूटला जुनाच ईएसपी माउंट होतो, ग्रबचं अपडेट तिकडेच जातं.

## ९. कधी लिनक्स काढायचं झालं तर

यूईएफआयमध्ये आधी बायोसमध्ये विंडोज बूट मॅनेजर पहिला करा, एकदा विंडोज थेट उघडतंय ते बघा, मग लिनक्सचं पार्टिशन डिलीट. ईएसपी एकच असेल तर त्यातलं फक्त उबुंटू फोल्डर काढायचं, पार्टिशन नाही. लेगसीमध्ये विंडोजच्या इन्स्टॉल पेनड्राइव्हवरून रिपेअरमध्ये जाऊन कमांड प्रॉम्प्टवर "बूटरेक स्लॅश फिक्सएमबीआर" आधी, रिस्टार्ट करून विंडोज उघडलं की मग डिलीट. उलट्या क्रमानं केलं तर ग्रबच्या फाइली गेलेल्या आणि एमबीआरवर तो अजून बसलेला, आणि "ग्रब रेस्क्यू" ची स्क्रीन येते ती त्यामुळेच. तशी आलीच तर हीच कमांड तेव्हाही चालते, फक्त पेनड्राइव्ह बनवायला दुसरं मशीन शोधावं लागतं.